दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत, योग्य क्रमाने

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे गणित रस्त्यावर बऱ्यापैकी जमतं. विमानप्रवासाला तेच सूत्र लावलं की उत्तर तासा-दोन तासांनी चुकतं, कधी अख्खा दिवसच चुकतो. सूत्रात काही दोष नाही. चूक होते ती तीन वेगवेगळे आकडे एकच समजल्यामुळे: नकाशावरचं अंतर, विमान प्रत्यक्ष कापतं ते अंतर, आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ. त्यात घड्याळाचा फरक मधेच कुठेतरी मिसळला की मग नेमकं कुठे चुकलं तेही सापडत नाही.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी अंतर, मग मार्गाची वाढ, मग वेग आणि वारा, मग जमिनीवरचा वेळ आणि सगळ्यात शेवटी घड्याळ. प्रत्येक टप्प्यावर एक आकडा कागदावर किंवा एक्सेलसारख्या शीटमध्ये वेगळा लिहून ठेवा. पुढे उत्तर खटकलं तर मागे जाऊन तपासता येईल.

## १. तुम्हाला नेमका कोणता आकडा हवा आहे ते ठरवा

"विमानाला किती वेळ लागतो?" या प्रश्नाला तीन खरी उत्तरं असतात.

हवेतला वेळ म्हणजे चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंतचा. गेट ते गेट वेळ, ज्याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा. वेळापत्रकात आणि तिकिटावर हाच असतो. तिसरा म्हणजे एकूण प्रवासाचा वेळ. त्यात विमानतळावर लवकर पोहोचणं, मधला थांबा, इमिग्रेशन, सामान, बाहेरची गाडी असं सगळं येतं.

पहिला आणि दुसरा यांत मोठ्या विमानतळांवर सहज अर्ध्या तासाचा फरक पडतो. लाइव्ह ट्रॅकिंगच्या साइटवर पाहिलेला हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात, पण ते जुळायचं कारणच नाही.

## २. शहर नको, विमानतळ नक्की करा

"लंडन ते टोकियो" असा शोध घेऊन आलेलं अंतर बऱ्याचदा शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं असतं. लंडनच्या नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन, सिटी असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर लांब. हजारो किलोमीटरच्या उड्डाणात हा फरक अंतराच्या आकड्याला फारसा जाणवत नाही, पण उतरल्यावर हॉटेल गाठायला लागणाऱ्या वेळात तो पुरेपूर जाणवतो.

त्याहून मोठी चूक सारख्या नावांची. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही तीच. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीऐवजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीला जाऊन पोहोचलेले प्रवासी खरोखर आहेत. तेव्हा शहराच्या नावावर थांबू नका, तिकिटावरचा तीन अक्षरी कोड पाहा. हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक चार अक्षरी कोड वापरतात. तुम्ही वापरत असलेली माहिती त्यातल्या कोणत्या कोडची आहे ते बघून मगच मजकूर उचला.

तपासणी: कोडसोबत देशाचं नावही लिहिलंत का? नसेल तर आत्ताच लिहा.

## ३. अक्षांश-रेखांश लिहिताना घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या दिसत नाहीत, म्हणून या टप्प्यावर थोडं रेंगाळायला हवं.

पहिली चूक अंश-मिनिटांची. विमानतळाचं स्थान ४० अंश ३८ मिनिटं असं दिलेलं असतं आणि लोक शीटमध्ये ४०.३८ टाकतात. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाहीत. ३८ भागिले ६० म्हणजे ०.६३३, तेव्हा बरोबर आकडा ४०.६३३. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो. त्यामुळे एवढ्याशा निष्काळजीपणाने विमानतळ २८ किलोमीटर सरकतो.

दुसरी चूक चिन्हाची. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. केनेडी विमानतळाचा रेखांश उणे ७३.७८ आहे. उणे चिन्ह सुटलं की न्यूयॉर्क मध्य आशियात जाऊन बसतं आणि सूत्र बिनतक्रार उत्तर देतं.

तिसरी चूक १८० रेखांशाच्या आसपास. ऑकलंड सुमारे १७४.८ पूर्वेला आणि लॉस एंजेलिस ११८.४ पश्चिमेला. दोहोंतला फरक सरळ काढला तर २९३.२ अंश येतो. तो १८०च्या वर गेला की ३६०मधून वजा करायचा: ६६.८ अंश. पुढच्या टप्प्यातलं सूत्र ही गोष्ट आपोआप सांभाळतं. पण तुम्ही हाताने अंदाज घेत असाल किंवा दोन रेखांशांची सरासरी काढून "मधला बिंदू" शोधत असाल, तर उत्तर प्रशांत महासागराऐवजी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला निघेल.

सावधान: काही साइट आधी अक्षांश देतात, काही आधी रेखांश. अक्षांश कधीही ९०च्या वर जात नाही. पहिल्या जागी १७४ दिसलं तर जोडी उलटी आहे.

## ४. गोलावरचं अंतर काढा, नकाशावरचं नाही

सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग नव्हे. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग ग्रेट सर्कलच्या, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, कमानीवरून जातो. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, तो मार्ग लगेच दिसतो.

माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेचाळीस अंशांच्या आसपास. नकाशा बघून कोणीही म्हणेल की सरळ पश्चिमेला जायचं. त्या अक्षांशाला धरून गेलं तर अंतर सुमारे ५,९३० किलोमीटर भरतं. ग्रेट सर्कलवरून मात्र ५,७६०च्या आसपास. म्हणजे आधी उत्तरेला वळून, साधारण ४६ अंशांपर्यंत वर चढून, मग खाली उतरणारा मार्ग दीडशे किलोमीटरहून जास्त वाचवतो. ठिकाणं ध्रुवाच्या जितकी जवळ आणि एकमेकांपासून जितकी लांब, तितका हा फरक वाढतो.

आता सूत्र. याला हॅव्हरसाइन म्हणतात आणि कुठल्याही शीटमध्ये ते एका ओळीत बसतं. क्रम असा:

१) दोन अक्षांशांच्या फरकाचं अर्ध घ्या, त्याचा साइन काढा, वर्ग करा.
२) दोन रेखांशांच्या फरकाचं अर्ध घ्या, त्याचा साइन काढा, वर्ग करा.
३) दुसऱ्या उत्तराला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइननी गुणा.
४) पहिलं आणि तिसरं उत्तर मिळवा.
५) त्या बेरजेचं वर्गमूळ काढून त्याचा व्यस्त साइन घ्या आणि दुप्पट करा. हा पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन.
६) कोन अंशांत असेल तर १११.१९ने गुणा, रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक, १८० अंश म्हणजे सुमारे ३.१४१६ रेडियन) असेल तर ६,३७१ने. उत्तर किलोमीटरमध्ये.

हीथ्रो (५१.४८, उणे ०.४६) ते केनेडी (४०.६४, उणे ७३.७८) करून पाहू. अक्षांशांचा फरक १०.८४, अर्ध ५.४२, साइनचा वर्ग ०.००८९. रेखांशांचा फरक ७३.३२, अर्ध ३६.६६, साइनचा वर्ग ०.३५६५. दोन्ही कोसाइनचा गुणाकार ०.४७२६, त्यामुळे तिसऱ्या पायरीचं उत्तर ०.१६८५. बेरीज ०.१७७४. वर्गमूळ ०.४२१२, त्याचा व्यस्त साइन २४.९१ अंश, दुप्पट ४९.८२ अंश. गुणिले १११.१९ म्हणजे सुमारे ५,५४० किलोमीटर.

याच जोडीसाठी अंतर देणाऱ्या साइटवर ५,५५४ दिसेल. हे चौदा किलोमीटर तुमच्या हातून सुटलेले नाहीत. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि चांगल्या साइट तो चपटेपणा धरून हिशेब करतात. गोल धरून केलेला हिशेब साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. प्रवासाचा वेळ काढायला तेवढं पुरे, त्यापलीकडच्या अचूकतेमागे लागण्यात अर्थ नाही.

सावधान: शीटमधली साइन-कोसाइनची फंक्शनं रेडियन मागतात, अंश नाही. आधी अंशांचे रेडियन करा. उत्तर अगदी विचित्र आलं, उदाहरणार्थ शेजारच्या दोन शहरांमध्ये हजारो किलोमीटर, तर दहापैकी नऊ वेळा हेच कारण असतं.

एककांची तपासणी: विमानाच्या दुनियेत "माइल्स" लिहिलेलं दोन अर्थांनी येतं. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, तर नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. हीथ्रो-केनेडी अंतर म्हणजे सुमारे २,९९९ नॉटिकल मैल किंवा ३,४५१ साधे मैल. एकाला दुसरं समजलात तर पंधरा टक्क्यांची चूक, म्हणजे या मार्गावर तासाभराची.

शेवटची तपासणी: पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधलं ग्रेट सर्कल अंतर २०,००० किलोमीटरच्या आसपास संपतं, कारण त्याहून लांब असलेलं ठिकाण दुसऱ्या बाजूने जवळ पडतं. उत्तर २५,००० आलं तर पुढे जाऊच नका.

## ५. प्रत्यक्ष मार्गाची वाढ धरा

विमान ग्रेट सर्कलवरून जातं असं गृहीत धरणं ही अर्धवट माहितीची चूक आहे. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी उलट्या दिशेने उड्डाण करून वळावं लागतं, उतरताना रांगेत फिरावं लागतं, हवाईमार्ग ठरलेले असतात. उत्तर अटलांटिकवरच्या मार्गांची आखणी तर वारा पाहून रोज नव्याने होते. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. दक्षिण गोलार्धातल्या रिकाम्या समुद्रांवर हा नियम मार्ग बराच वाकवतो.

साध्या मार्गांना तीन टक्के वाढ धरा, गर्दीच्या हवाई क्षेत्रातून जाणाऱ्यांना पाच. हीथ्रो-केनेडीसाठी ५,५५४चे होतात साधारण ५,७२०.

पण बंद हवाई क्षेत्र आडवं आलं तर टक्केवारी विसरा. हेलसिंकी ते टोकियो ग्रेट सर्कल अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि तो मार्ग जवळजवळ पूर्णपणे रशियावरून जातो. २०२२च्या सुरुवातीपर्यंत या प्रवासाला साडेनऊ तास लागत. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर फिनलंडच्या कंपनीची विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालू लागली आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. अंतराचा आकडा तोच राहिला, वेळ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. शिवाय बंदी कंपनीच्या देशावर अवलंबून असते. त्यामुळे काही मार्गांवर एकाच जोडीच्या शहरांमध्ये एका कंपनीचं विमान सरळ जातं, दुसरीचं वळसा घेऊन.

तपासणी: तुमच्या मार्गावर असं काही आहे का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे ट्रॅकिंग साइटवर त्याच फ्लाइट नंबरचा गेल्या आठवड्यातला मार्ग उघडणं. रेषा कमानीपासून लांब गेलेली दिसली तर तिथलं प्रत्यक्ष कापलेलं अंतर वापरा.

## ६. वेग निवडा

लांब पल्ल्याची मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७८७, ७७७ किंवा एअरबस ए३५०, आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांपर्यंत थंड असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो. म्हणून विमानाचा वेग होतो ताशी सुमारे ९००. ए३२० आणि ७३७ जातीची लहान विमानं ०.७८च्या आसपास, म्हणजे ताशी ८३०.

जमिनीवरचा आवाजाचा वेग, ताशी १,२२५, धरून ०.८५ने गुणणारे लोक ताशी हजाराच्या वर आकडा काढतात. तो चुकीचा आहे.

आणि हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. सीटसमोरच्या पडद्यावर दिसणारा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो. एखाद्या क्षणी पडद्यावर १,०५० दिसलं म्हणून तो विमानाचा नेहमीचा वेग समजू नका. तो वाऱ्याचा हातभार आहे.

## ७. वाऱ्याचा हिशेब जातानाचा आणि येतानाचा वेगळा करा

मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. हिवाळ्यात ती जास्त जोरात असते. म्हणून पूर्वेला जाणारं विमान लवकर पोहोचतं, पश्चिमेला जाणारं उशिरा. पृथ्वी खाली फिरते म्हणून हा फरक पडतो, असं बरेचजण सांगतात. ते खरं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो पृथ्वीच्या सापेक्ष वाहणाऱ्या वाऱ्यामुळे.

फेब्रुवारी २०२०मध्ये कियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. असा दिवस हिशेबाला धरायचा नसतो, पण वारा काय करू शकतो ते त्यावरून कळतं.

हिशेबासाठी कमाल वारा नको, पूर्ण मार्गावरची सरासरी हवी. जेट स्ट्रीमच्या गाभ्यात ताशी दोनशेहून जास्त वेग असला तरी विमान तिच्यात पूर्णवेळ नसतं. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मध्य अक्षांशांवरच्या मार्गांना ताशी ७० ते ९० किलोमीटर सरासरी धरली की वेळापत्रकाच्या जवळ जाता येतं. उत्तर-दक्षिण किंवा विषुववृत्ताजवळच्या मार्गांवर हा आकडा लहान ठेवा.

हीथ्रोहून केनेडीला जाताना: ९०० वजा ८० म्हणजे ८२०. ५,७२० भागिले ८२० म्हणजे ६.९८ तास. परत येताना: ९८०. ५,७२० भागिले ९८० म्हणजे ५.८४ तास.

सावधान: ६.९८ तास म्हणजे ६ तास ९८ मिनिटं नव्हेत. दशांशाला साठने गुणा: ६ तास ५९ मिनिटं. तसंच ५.८४ म्हणजे ५ तास ५० मिनिटं.

जाता-येता वारा एकमेकांना फेडून टाकतो, हाही गैरसमज आहे. ४,५०० किलोमीटरचं अंतर वारा नसताना दोन्ही बाजू मिळून दहा तासांत होतं. ताशी १०० किलोमीटर वारा असेल तर एका बाजूला ५ तास ३७ मिनिटं, दुसऱ्या बाजूला ४ तास ३० मिनिटं, बेरीज दहा तास सात मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमी फायद्याहून मोठाच.

काही मार्गांवर वाऱ्यासाठी जास्त लांबचा मार्गही मुद्दाम निवडतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १५,३०० किलोमीटरहून जास्त अंतर ग्रेट सर्कलने थेट उत्तर ध्रुवाजवळून जातं. तरीही सिंगापूरहून निघालेलं विमान बऱ्याचदा प्रशांत महासागरावरून, पाठीमागचा वारा घेत जातं. तिथे किलोमीटर वाढतात आणि तास कमी होतात. म्हणून "सर्वांत जवळचा मार्ग" आणि "सर्वांत कमी वेळाचा मार्ग" या दोन गोष्टी कधीही एक धरू नका.

## ८. गेट ते गेट करण्यासाठी मिनिटं मिळवा

चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. त्यात मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत येणं, यात मोठ्या विमानतळांवर वीस ते तीस मिनिटं. एकूण ४० मिनिटं मिळवा, लहान विमानतळ असतील तर ३०.

आपलं उदाहरण: जाताना ७ तास ३९ मिनिटं, येताना ६ तास ३० मिनिटं. वेळापत्रकात साधारण आठ आणि सात तास दिसतात. उरलेली वीस-तीस मिनिटं कंपन्या उशीर सामावून घेण्यासाठी मुद्दाम ठेवतात. विमान "अर्धा तास लवकर" उतरतं तेव्हा बहुतेक वेळा हीच राखीव मिनिटं वापरली गेलेली नसतात.

ही मिनिटं अंतरावर अवलंबून नाहीत, म्हणून ती टक्केवारीने कधी धरू नका. तासाभराच्या उड्डाणात ४० मिनिटं प्रचंड असतात, पंधरा तासांच्या उड्डाणात किरकोळ. "सरासरी वेग ताशी ८००" असा एकच आकडा सगळ्या मार्गांना लावणारे इथेच फसतात.

## ९. आता, आणि आताच, घड्याळाकडे वळा

निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दोन वेळांची थेट वजाबाकी कधीही करू नका. तीन पायऱ्या:

१) निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, बदला.
२) त्यात उड्डाणाचा वेळ मिळवा.
३) आलेली यूटीसी वेळ पोहोचण्याच्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत बदला.

ऑकलंडहून जुलैमध्ये संध्याकाळी १९:३०ला निघालात आणि लॉस एंजेलिसला बारा तास लागतात असं समजा. जुलैत न्यूझीलंड यूटीसीच्या १२ तास पुढे, लॉस एंजेलिस ७ तास मागे. १९:३० वजा १२ म्हणजे यूटीसी ०७:३०. अधिक बारा तास, १९:३०. वजा ७, दुपारचे १२:३०. तारीख तीच. म्हणजे निघाल्याच्या सात तास "आधी" पोहोचलात. उत्तर चुकलेलं नाही, तारीखरेषा ओलांडली आहे. उलट दिशेने येताना मात्र एक तारीख पूर्ण गिळली जाते, आणि हॉटेलची बुकिंग एक दिवस चुकतात ती बहुतेक याच दिशेला.

सावधान, हे फार महत्त्वाचं: दोन शहरांतला फरक वर्षभर एकच नसतो. अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणून लंडन-न्यूयॉर्क फरक एरवी पाच तास असला तरी मार्चमधले दोन-तीन आठवडे चार तासच राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा पुन्हा तसंच. ऑकलंड आणि लॉस एंजेलिस वेगवेगळ्या गोलार्धांत असल्याने त्यांच्यातला फरक वर्षभरात १९, २० आणि २१ तास असा बदलतो. भारत वर्षभर ५:३० वरच राहतो, नेपाळ ५:४५ वर. पण समोरचा देश घड्याळ हलवत असेल तर भारताशी असलेला त्याचा फरकही हलतोच. तेव्हा फरक "माहीत आहे" म्हणून पाठ वापरू नका, प्रवासाच्या तारखेचा पाहा.

तपासणी: तिकिटावर वेळेजवळ लहान अक्षरात अधिक एक किंवा अधिक दोन छापलेलं असतं. ते किती दिवसांनी पोहोचणार याचं चिन्ह आहे. तुमच्या हिशेबाची तारीख त्याच्याशी जुळली पाहिजे.

## १०. थांबा असेल तर

आधी एक शब्द नीट समजून घ्या. तिकीट विकताना "डायरेक्ट" म्हटलं की विमान मधे थांबणार नाही असं नसतं. एकाच फ्लाइट नंबरवर मधे एका ठिकाणी उतरून पुढे जाणारी उड्डाणंही डायरेक्टच म्हणवतात. न थांबणारं हवं असेल तर "नॉनस्टॉप" शोधा.

मधला विमानतळ वाटेवर आहे का, हे अंतरांची बेरीज करून लगेच कळतं. लंडन ते सिडनी सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८० अधिक ६,३०० म्हणजे १७,१८०, जेमतेम एक टक्का जास्त. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० अधिक १२,०५० म्हणजे २०,८३०. स्वस्त तिकीट दिसलं की ही बेरीज आधी करा. चार-पाच तास जास्तीचं उड्डाण तिकिटाच्या पानावर कुठेही ठळक लिहिलेलं नसतं.

एकूण वेळ काढताना तुकड्यांची बेरीज करत बसू नका. पहिल्या उड्डाणाची यूटीसी वेळ शेवटच्या लँडिंगच्या यूटीसी वेळेतून वजा करा, झालं. थांब्याचा वेळ मात्र त्या विमानतळाच्या स्थानिक वेळेतच सरळ मोजता येतो, कारण पोहोचणं आणि निघणं दोन्ही तिथल्याच घड्याळावर असतं.

प्रत्येक विमानतळाची कनेक्शनसाठी ठरलेली किमान वेळ असते आणि एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर कंपनी ती सांभाळते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर ही सोय नाही. सामान घेऊन, इमिग्रेशनमधून बाहेर पडून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. तिथे चार तासांखालचं अंतर ठेवू नका, आणि त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही आधी पाहा.

युरोपीय संघाच्या नियमांनुसार उशिराची भरपाई मागायची असेल तर पहिल्यांदा चौथ्या टप्प्यातला आकडा लागतो. त्या नियमात भरपाईच्या पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या सीमांवर ठरतात आणि अंतर ग्रेट सर्कलनेच मोजतात. कनेक्टिंग प्रवासात पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं सरळ अंतर धरतात, तुकड्यांची बेरीज नाही. २०१७मध्ये युरोपीय न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. बेरीज लिहून अर्ज केलात तर आकडा नाकारला जाईल.

यानंतर जमिनीवरचा वेळ. लांबच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोहोचणं धरा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला एक ते दीड तास. शहरात जायचा वेळ त्या विमानतळाप्रमाणे. आठ तासांचं उड्डाण दाराशी दार चौदा तासांचं होतं ते इथे.

## ११. ताडून पाहा

ट्रॅकिंग साइटवर त्याच फ्लाइट नंबरची गेल्या दहा-बारा दिवसांची यादी उघडा. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त वेळ सोडून मधले आकडे बघा. तिथला वेळ हवेतला आहे की गेट ते गेट, हे आधी पाहा, नाहीतर पहिल्या टप्प्यातला गोंधळ परत येईल. प्रवास सहा महिन्यांनी असेल तर शक्य असल्यास गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातले आकडे पाहा, कारण जुलैचा वारा जानेवारीला लागू होत नाही.

तुमचा आकडा प्रत्यक्षापेक्षा अर्ध्या तासाच्या आत असेल तर हिशेब चांगला आहे. एक ते दीड तासाचा फरक असेल तर वाऱ्याची दिशा उलटी धरली आहे का ते बघा. फरक नेमका पूर्ण तासाचा असेल तर उन्हाळी वेळ, नेमका अर्ध्या किंवा पाऊण तासाचा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं टाइम झोन. दर वेळी पंधरा टक्क्यांनी चुकत असेल तर मैलांची अदलाबदल. दोन-तीन तासांनी कमी येत असेल तर पाचव्या टप्प्यावर परत जा आणि त्या उड्डाणाचा प्रत्यक्ष मार्ग नकाशावर उघडा: वाटेत बंद आकाश असण्याची शक्यता मोठी आहे.